पन्नासची लेन्स

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते, हे इम्तियाजने सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. वीस वर्षं ती लेन्स तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेली होती, बुरशी लागू नये म्हणून. दर दिवाळीला मी तांदूळ बदलायची. फोटो काढायचा म्हणून नव्हे. माझ्या नवऱ्याने, गफ्फारने, ती एकोणऐंशी साली नागपूरहून आणली होती आणि गफ्फार गेल्यावर त्यांच्या हातचं फेकवत नाही, एवढंच.

आर्णीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमचा स्टुडिओ. आधी माझ्या अब्बांचा, मग गफ्फार आणि माझा, आता मुलाचा, इम्तियाजचा. रोल मिळायचे बंद झाले तेव्हा जुन्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं आणि मीही थांबले. श्रावणात एका दुपारी इम्तियाजने डब्यातून लेन्स काढली, फुंकर मारून तांदळाची पांढरी धूळ उडवली आणि आपल्या डिजिटल बॉडीवर ठेवून फिरवली. कट्. हा आवाज मी झोपेतही ओळखला असता.

"कंपनीनं तोंड बदललंच नाही अम्मी," तो म्हणाला. "लेन्सचं मागचं कडं अन् बॉडीचं तोंड, चाळीस वर्षांपासून तेच हाय. फक्त कॅमेऱ्याले हिची वळख नाही. त्याले वाटते समोर लेन्सच नाही. मेनूत जाऊन सांगा लागते त्याले, का बाबा, हाय."

"मंग ऑटो?"

"ऑटो काहीच नाही. फोकस हातानं, अपर्चर हातानं, उजेडाचा अंदाज तुह्या मनानं."

"म्हंजे सगळं माह्यावानीच," मी म्हटलं.

माझी सून नाजिया काउंटरवरून हसली. म्हणाली, "अम्मी, तुमची अन् तिची जोडी जमली."

आणखी एक फरक त्याने सांगितला. नव्या कॅमेऱ्याच्या आतली पट्टी फिल्मपेक्षा लहान असते, म्हणून लेन्स जेवढं पाहते त्याच्या कडा कापल्या जातात. पन्नास मिलिमीटरची लेन्स पंच्याहत्तरची असावी तशी वागते. "दोन पावलं मांगं सरकाव लागन, बस." आणि जुन्या कॅमेऱ्यात डोळा लावला की मधोमध एक गोल दिसायचा, आडवा चिरलेला. दरवाजाची कड त्या गोलात तुटलेली दिसली की फोकस चुकलेला. कडा जुळल्या की बरोबर. नव्यात तो गोल नाही. नुसती काच.

त्या दिवशी मी अंगणातल्या जास्वंदीचे चार फोटो काढले. सत्तरी ओलांडलेल्या बाईला असा आनंद शोभत नाही, पण झाला.

आमच्या स्टुडिओला मागे एक खोली आहे, वेगळ्या दाराची. तिला पहिल्यापासून हिरवा पडदा आहे. मोहल्ल्यातल्या बुरखेवाल्या बाया आणि आसपासच्या तांड्यांवरच्या बाया त्या दाराने येत. समोरच्या खोलीत पुरुष फोटो काढतो, तिथे त्यांना चालायचं नाही. सासऱ्यासमोर डोक्यावरची ओढणी, छाट, खाली ओढणारी बाई परक्या माणसाकडे तोंड करून कशी बसणार? म्हणून अब्बांनी मला सोळाव्या वर्षी कॅमेरा शिकवला. त्यांचा पहिला धडा एवढाच होता. "डावा डोळा मीट. डावा डोळा दुनियेचा, उजवा फोटोचा." पुढे कायम कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की माझा डावा डोळा आपोआप मिटला. निगेटिव्हवरचे डाग पेन्सिलीने भरायची, तेही भिंग उजव्या डोळ्याला लावूनच.

सुखीबाई त्याच पडद्यामागच्या बायांपैकी. तिचा तांडा आर्णीपासून सात-आठ किलोमीटरवर. माझ्याच वयाची, कदाचित एखाद वर्षाने मोठी. त्र्याऐंशी साली तिचा मी काढलेला फोटो अजून तिच्या घरात दाराच्या वर आहे. त्यात ती अशी बघते की घरात शिरणाऱ्याने आधी चप्पल काढावी.

भाद्रपदातल्या एका सकाळी ती आली. नात अंजू कॉलेजात शिकते, तिच्या स्कूटीवर मागे बसून. अंगावर पूर्ण जुना वेश: आरसे लावलेली चोळी म्हणजे कांचळी, फेट्या हा घेरदार घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. कानाजवळ केसांत गुंफलेली चांदीची घुगरी, सवाष्णीची खूण, कारण धनसिंग, तिचा नवरा, अजून खुटखुटीत होता. हातात काठी.

"मले कोनी बोलावलं नाही," ती खुर्चीवर बसत म्हणाली. "अंजू म्हने का फोटोवालीनं जुना भिंग काढला. म्हनून आली. मोबाईलवाले पोट्टे मले भाजेल वांग्यासारखी काढतात."

"मंग काय वांगं नाही तू?"

"वांगंच हाय. पन भाजेल नाही." मग म्हणाली, "त्याच काचेतून काढ बाई. दाराच्या वर जुन्याच्या बाजूले लावीन म्हनते. आता काढला तर काढला."

मी हिरवा पडदा बाजूला केला. खिडकीतून उजेड चांगला होता. तिला दरवाजाच्या चौकटीशेजारी बसवलं, काठी हातात उभी धरायला सांगितली. दोन पावलं मागे सरकले. कॅमेरा डोळ्याला लावला.

काठी मधून वाकलेली होती.

मी कॅमेरा खाली घेतला. काठी सरळ. परत लावला. काठी वाकडी, आणि तिच्यामागची चौकटही, जणू पाण्यात बुडवलेली. वाटलं, लेन्स नीट बसली नाही. काढली, पुन्हा बसवली. कट्. या वेळी मी फोकससाठी सरळ तिच्या चेहऱ्यावर आले, नाकाच्या रेषेवर, कारण मी नेहमी तिथूनच सुरू करते.

नाक नव्हतं. घुगरी दिसत होती, कांचळीचे आरसे दिसत होते, कपाळाची कड, हनुवटीची कड. मधे काही नाही. ओल्या फोटोवर कोणी बोट फिरवावं तसा राखाडी डाग. मी लेन्सचं कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मधेच दोन-तीनदा बटणही दाबलं. आरसे धूसर झाले, स्पष्ट झाले. डाग हलला नाही. मी कॅमेरा जरा डावीकडे नेला, तर डागही डावीकडे गेला आणि तिच्या कानावर बसला.

मी कॅमेरा हळूच खाली केला.

"काय दिसलं तुले?" सुखीबाईने विचारलं.

"काही नाही."

"तुह्या तोंडावरचं पानी पळालं. काय दिसलं?"

"लेन्सात खोट हाय," मी म्हटलं. "जुनी लेन्स, नवी बॉडी. बरोबर बसून नाही राह्यली."

"माहं तोंड दिसलं का नाही?"

तेव्हा मी खोटं बोलायला हवं होतं आणि खरं बोलले. खरं बोलायला हवं होतं तिथे नुकतीच खोटं बोलून चुकले होते. म्हटलं, "नाही दिसलं."

सुखीबाईने काठीवर दोन्ही हात ठेवले. मग हळूच म्हणाली, "माही सासू गेली नं, त्याच्या आधी आठ दिवस तिले हांड्यातल्या पान्यात आपलं तोंड दिसत नव्हतं. म्हने, पानी रिकामं हाय."

"दादी, लेन्स खराब हाय म्हनते त्या," अंजू म्हणाली.

"ऐकलं मी," सुखीबाई म्हणाली. जाताना तिने पडदा स्वतःच्या हाताने ओढून घेतला.

ती गेल्यावर मी खोलीचं दार लावलं आणि इम्तियाजची नेहमीची नवी लेन्स त्या बॉडीवर चढवली. चौकट वाकडीच. म्हटलं, मग बॉडीच्या व्ह्यूफाइंडरचा, डोळा लावायच्या काचेचा, दोष असेल. इम्तियाज लग्नाला नेतो, कुठे आपटली असेल. कपाटातून जुना फिल्म कॅमेरा काढला. शटर अडकलेलं असलं तरी त्यातून दिसतं. त्यातही चौकट वाकडी. म्हटलं, याच्या काचेत वीस वर्षांची धूळ आहे. काढलेले फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिले. त्यात सगळं सरळ: काठी सरळ, चौकट सरळ, सुखीबाईचं नाक जिथल्या तिथे. म्हटलं, बघ, फोटोत येत नाही म्हणजे दोष डोळा लावायच्या काचेतच आहे. ते फोटो सुखीबाईला दाखवायचे तर मला का दिसलं नाही तेही सांगावं लागलं असतं, म्हणून कॅमेरा बंद केला.

मी एकेक कारण काढत गेले आणि प्रत्येक कारण मला पटत गेलं.

"इम्तियाज, जरा यात डोळा लावून बघ," एवढंच म्हणायचं होतं. तो समोरच्या खोलीत कोणाचा पासपोर्ट फोटो कापत होता, दहा पावलांवर. म्हटलं नाही.

आणि दुसरीही एक परीक्षा होती. तिला तर कॅमेराही लागत नव्हता. डावा डोळा मिटायचा आणि समोर बघायचं. पापणी लवण्याइतका वेळ. तीही मी केली नाही. उलट करावी लागू नये म्हणून जपायला लागले. तोंड धुताना दोन्ही डोळे एकदम मिटायची. डाव्या डोळ्याला खाज आली तर हात मांडीखाली दाबून बसायची. सुईत दोरा नाजियाकडून ओवून घेतला. तिने ओवून दिला आणि म्हणाली, "अम्मी, आज राणीसाहेब झाल्या काय?" मी हसले. दोन्ही डोळे उघडे असले की मला सगळं दिसत होतं: सून, सुई, दोरा, भिंतीवरचं घड्याळ. त्यामुळे माझ्यावाचून हे कोणालाच कळलं नसतं. हीच सगळ्यात भयंकर गोष्ट होती.

तिसऱ्या दिवशी मी पुसदची बस धरली. तिथे बाबूसिंग आहे, कॅमेरा दुरुस्त करणारा. आता त्याच्याकडे मोबाईलचं आणि मिक्सरचंच काम जास्त, पण हात जुना आहे. मी दोन्ही कॅमेरे आणि लेन्स पिशवीत घेतली. इम्तियाजला सांगितलं, जुन्याचं शटर बघून आणते, नवा तुलना करायला नेते. तो म्हणाला, "त्या जुन्या कॅमेऱ्याचं आता लोणचं घाल." पण जाऊ दिलं.

बाबूसिंगने चष्मा कपाळावर चढवला, लेन्स उजेडात धरून आरपार पाहिली, मागचं कडं नखाने चाचपलं, उजेड आत सोडणारी अपर्चरची पाती उघडझाप करून पाहिली.

"आपा, ही लेन्स हाय का हिरा? तांदळात ठेवली काय?"

"हो."

"तांदूळबी तसाच ठेवा. नव्या लेन्सा हिच्यापुढं पानी भरतात." त्याने लेन्स डिजिटल बॉडीवर चढवली. भिंतीवर वर्तमानपत्राचं आख्खं पान चिकटवलं, स्टुलावर कॅमेरा ठेवून फोटो काढला आणि पडदा मोठा करून दाखवला. रकाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ. मग त्याने स्वतः व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"काय दिसते?" मी विचारलं.

"पेपर दिसते. काय दिसन?"

"सरळ?"

"एकदम सरळ. घ्या, पाहा तुमी."

मी घेतला. डावा डोळा मिटला, सवयीने. पानाच्या ओळी मधे खचलेल्या होत्या, सैल पडलेल्या बाजेच्या सुतळीसारख्या, आणि त्या खोलगट जागी अक्षरंच नव्हती.

"हो," मी म्हटलं. "सरळ हाय."

"मंग काहून आल्या बाप्पा येवढ्या दूर, ऊन खात?"

"म्हातारपन. अजून काय."

तो हसला. माझ्यासाठी चहा सांगितला. लेन्स मलमलीच्या फडक्यात गुंडाळत सहज म्हणाला, "तुमचे अब्बाबी असेच येत माह्या उस्तादाकडं. मी नवा होतो तवा. दर महिन्याले लेन्स घिऊन येत, म्हनत, हिच्यात काहीतरी बसलं, काढ. उस्ताद खोलून पाहे, पुसे, परत देई. लेन्सात कधी काहीच नसे."

चहा मी अर्धा सोडला.

पुसद ते आर्णी बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. दिग्रसपर्यंत बाहेर काय गेलं मला आठवत नाही. मला अब्बा दिसत होते.

मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेन. नेरच्या एका लग्नातले फोटो अब्बांनी काढून आणले आणि मी धुवायला घेतले. ट्रेमध्ये हळूहळू चित्र उमटत गेलं आणि मला दिसलं की नवरदेव कडेला आहे, अर्धा कापलेला. पुढच्यातही. सगळ्या फोटोंत मधोमध मांडवाचा खांब आणि माणसं एका बाजूला रेटलेली. मी काहीच बोलले नाही. कापून, मोठे करून, जेवढं सावरता आलं तेवढं सावरलं. लोक म्हणायला लागले की अब्बांना गर्व चढला, माणसाकडे सरळ बघत नाहीत, तिरपे बघतात. ते तिरपं का बघतात ते मला कळत होतं. सरळ बघितलं की त्यांना समोरचा दिसत नव्हता. पण ते म्हणायचे, लेन्स गेली. रोज संध्याकाळी काउंटरवर बसून लेन्स पुसायचे, मलमलीच्या फडक्याने, गोल गोल, इतकी की तिच्यावरचा निळसर थर निघून गेला आणि मग ती लेन्स खरोखरच खराब झाली.

दोन वर्षांनी आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं, किती दिवस झाले? अब्बा म्हणाले, आठ दिवस. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. डॉक्टर म्हणाला, डोळ्याच्या आतला पडदा मधोमध गेलाय, याला इलाज नाही. त्यानंतर अकरा वर्षं ते जगले. मी समोर गेले की माझ्या कानाकडे बघत, म्हणजे मी दिसावी म्हणून, आणि तरीही आवाजावरूनच ओळखत.

इलाज नाही. हे दोन शब्द मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी ऐकले होते आणि तेच माझ्याजवळ होते. मग परीक्षा कशाला करायची?

पुसदहून आल्यावर पाच दिवसांनी अंजू आली. दुपारची वेळ, इम्तियाज बाहेर गेला होता. मी मागच्या खोलीत बसले होते. अंजू दारातच उभी राहिली.

"आजी, लेन्स झाली का दुरुस्त?"

"झाली. का व?"

"दादी जेवून नाही राह्यली. तुमच्याइथून गेली तवापासून. अर्धी भाकर, कधी तेबी नाही. म्हनते, फोटोवालीले माहं तोंड दिसलं नाही, माहे दिवस भरले." तिने स्कूटीची किल्ली मुठीत घट्ट धरली. "काल फेट्या काढून काकूले देऊन टाकला. घुगरी मले देते म्हने. बाबानं डॉक्टर आनला तं त्याले म्हने, तुले काय समजते."

"तिले सांग नं, लेन्सच खराब होती म्हनून."

"सांगितलं. रोज सांगतो. म्हनते, मंग तिले म्हना इथं येऊन काढ."

माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. हातात लेन्स होती. दुसऱ्या हातात बाबूसिंगने दिलेलं मलमलीचं फडकं. मी पुसत होते, गोल गोल. कधीपासून, मला माहीत नाही. कालही पुसली होती. परवाही.

मी फडकं खाली ठेवलं. लेन्स मांडीवर ठेवली. अंजू चौकटीत उभी होती, मागे अंगणाचं ऊन. मी डावा डोळा मिटला.

ना कॅमेरा होता, ना लेन्स. चौकट आत खचली. अंजूची वेणी होती, खांद्यावरची ओढणी होती, चप्पल होती. चेहरा नव्हता.

"आजी, काय झालं?" त्या राखाडी डागातून अंजूचा आवाज आला.

मी डोळा उघडला. ती परत आली, पूर्ण, काळजीत पडलेली.

"स्कूटी आनली नं?" मी कॅमेऱ्यावर लेन्स चढवत म्हटलं. "चाल."

तांडा रिकामाच होता. सोयाबीन काढणीचे दिवस, सगळे शेतात. धनसिंग ओसरीवर बसून दोर वळत होता. मला पाहून त्याने नुसती मान हलवली, घराकडे. सुखीबाई आत बाजेवर पडली होती, साध्या लुगड्यात. मी तिला लुगड्यात कधी पाहिलं नव्हतं. दाराच्या वरून चाळीस वर्षांपूर्वीची सुखीबाई आम्हा दोघींकडे बघत होती.

"ऊठ," मी म्हटलं. "तुह्या तोंडाले काही झालं नाही. माहा डोळा चालला."

तिने मान वळवली नाही. "मले बरं वाटाव म्हनून सांगतेस."

"तुले बरं वाटाव म्हनून मी काहून माहा डोळा फोडू?"

"तू पयले म्हनली, काच खराब हाय. आता म्हनते डोळा. परवा अजून काही म्हनशीन."

तिचं बरोबर होतं. मी बाजेच्या कडेवर बसले. "बोटं दाखव," मी म्हटलं. "माह्या तोंडासमोर. मी डावा डोळा झाकतो."

आता तिने माझ्याकडे मान वळवली. मग उठून बसली आणि हात वर केला. मी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. समोर बांगड्या दिसत होत्या, मनगट दिसत होतं. वर धूर.

"तीन," मी म्हटलं.

बांगड्या जराशा वाजल्या.

"दोन?"

"पाच व्हते," सुखीबाई म्हणाली, अगदी हळू. मग माझा तळहात तिनेच डोळ्यावरून काढला आणि धरून ठेवला. तिचा हात कोरडा आणि गरम होता. बाहेर धनसिंगच्या दोराचा घासल्यासारखा आवाज येत होता.

"अब्बावानी?" तिने विचारलं. तिला अब्बा आठवत होते.

"हो."

"येडी हायस तू," ती म्हणाली. "मले सात दिवस उपाशी ठेवलं." मग अंजूला हाक मारली, "भाकर आन. दोघीले आन. अन् काकूले म्हनाव, फेट्या दे वापस, मेली नाही मी." माझ्याकडे वळून म्हणाली, "इम्तियाजले सांगितलं?"

"नाही."

"नाजियाले?"

"नाही."

"मंग आधी लाव फोन. फोटो मंग. नाहीतर बसत नाही मी तुह्यापुढं."

मी म्हटलं, घरी जाऊन सांगते. ती म्हणाली, इथंच. अंजूने फोन लावून माझ्या कानाशी धरला. घंटी वाजत होती तेव्हा मनात एकच होतं: त्याने उचलू नये. त्याने उचलला. मी म्हटलं, "इम्तियाज, मले उजव्या डोळ्यानं मधातलं दिसून नाही राह्यलं." एवढं लहानसं वाक्य होतं. पलीकडे मोटारसायकलचा आवाज बंद झाला, म्हणजे त्याने गाडी बाजूला घेतली असावी.

"कधीपासून अम्मी?"

मी खरा दिवस सांगितला.

फोटो मी डाव्या डोळ्याने काढला. हे सोपं वाटतं, पण नव्हतं. डाव्या डोळ्याला हे काम कोणी शिकवलंच नव्हतं. उजवा मिटता मिटेना. मिटला की अर्धा गाल वर ओढला जायचा. नाक मागच्या पडद्यावर चेपलं जायचं. अंगठा कुठे, बोट कुठे, सगळं उलटं. सुखीबाई फेट्या नेसून, घुगरी घालून, भिंतीशी ताठ बसली होती, आणि माझं तोंड पाहून तिला हसू आवरेना.

"काय दिसते?" तिने विचारलं.

डाव्या डोळ्यासमोर काठी सरळ होती. चिरलेला गोल नव्हता, म्हणून मी कानाजवळच्या घुगरीवर फोकस धरला, चांदीच्या दाण्यांची कड टोकदार होईपर्यंत कडं फिरवत राहिले. मग तिच्या चेहऱ्यावर आले. नाक, त्यावरची फुली, ओठांच्या कडेला हसण्याने पडलेली घडी. सगळं जिथल्या तिथे. पण माझी भीती काही कमी होईना. वाटत होतं, हाही डोळा किती दिवस?

मी बटण दाबलं. अंजूने पडदा दादीपुढे धरला. फोकस जरासा मागे, घुगरीवरच राहिला होता. डोळे किंचित मऊ आले होते. सुखीबाईने पडदा दूर धरला, जवळ धरला.

"तोंड हाय," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इम्तियाज आणि नाजिया मला यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या पूर्ण उघडल्या, अपर्चर शेवटपर्यंत उघडावं तशा, आणि सगळीकडचा उजेड आत कोसळायला लागला. एका यंत्रापुढे हनुवटी ठेवून बसवलं. मग डॉक्टरीणबाईंनी, माझ्या नातीच्या वयाच्या असतील, चौकड्यांचा एक कागद दिला आणि म्हणाल्या, एक डोळा झाका आणि कुठे रेघा वाकड्या दिसतात ते दाखवा. मी बोट ठेवलं.

"किती दिवस झाले?"

'लेन्स' हा शब्द माझ्या तोंडात आला होता. शप्पथ, आला होता. नाजियाने माझा खांदा धरला होता, जसा मी तेव्हा अब्बांचा धरला होता.

"नऊ दिवस," मी म्हटलं. "आज धरून."

त्यांनी मान वर केली. "नक्की? बहुतेक लोक वर्षभराने येतात. एका डोळ्याचं लक्षातच येत नाही, दुसरा सांभाळून घेतो. तुमच्या कसं लक्षात आलं?"

"मी फोटोग्राफर हाय," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, आता यावर औषध आहे. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, दर महिन्याला एक, काही महिने. गेलेलं सगळं परत येईल असं सांगता येत नाही, पण आहे ते थांबवता येतं. लवकर आलात तर बरंच थांबतं. आजच देऊ. मी फक्त 'डोळ्यात' हा शब्द ऐकला होता. म्हटलं, डोळ्यात म्हणजे बाजूला? त्या म्हणाल्या, नाही, डोळ्यातच.

मला टेबलावर निजवलं. चेहऱ्यावर हिरवं कापड घातलं, एका डोळ्यापुरतं भोक असलेलं. आपल्या जुन्या पडद्याचाच हिरवा रंग. दोन्ही पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवल्या. आता मिटायचं म्हटलं तरी मिटता येणार नव्हतं. दातांवर दात आपटत होते आणि मला ते थांबवता येत नव्हतं. नाजियाचा हात कापडाखालून माझ्या हातात होता.

"आजी, वर छताकडे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हलायचं नाही."

छतावर पांढऱ्या चौकोनी पट्ट्या होत्या आणि दोन पट्ट्यांमधली काळी रेघ मधे खचलेली होती. मी त्या खचलेल्या जागेवर नजर धरली आणि हलले नाही.